धानाच्या बांधावरची भट्टी

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात आले ते हार कबूल करायला. चांदा जिल्ह्यात पोलादाचा कारखाना उभा राहत नाही, एवढेच सरकारच्या कानावर घालायचे होते. ज्यांना भेटायचे ते साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भशास्त्रीय नकाशा लावलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक तुकडा लोहखनिजाच्या गडद रंगाने रंगवलेला होता.

या नकाशामागे वीस वर्षांची तगमग होती. एम्प्रेस मिलमुळे जमशेटजी टाटांचे नागपूरशी नाते जडलेले होते. १८८२ साली त्यांच्या हाती एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल पडला. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याचे खनिज उत्तम आहे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळच आहे, असे त्यात होते. खनिज खरेच उत्तम निघाले, पण कोळसा भट्टीला चालेना. त्यात सरकारचे खाणकामाचे नियम इतके जाचक की शहाण्याने त्या वाटेला जाऊ नये. १८९९ साली कर्झनच्या काळात ते सैल झाले आणि म्हातारपणी जमशेटजींनी पुन्हा उचल खाल्ली. अमेरिकेत जाऊन त्यांनी चार्ल्स पेज पेरिन हा सल्लागार गाठला. पेरिनने आपला भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड इकडे धाडला. वेल्ड आणि दोराबजी चांद्याच्या रानात बैलगाडीने हिंडले. पाण्याची टंचाई अशी की सोड्याच्या बाटल्या फोडून चहा उकळावा लागला, असे टाटांच्या चरित्रांतून सांगतात. शेवटी चांद्याचा नाद सोडला. त्यानंतरची ती नागपूरची फेरी.

नकाशाचा माग काढत ही मंडळी १९०४च्या एप्रिलात छत्तीसगडात पोचली. वाटेत डोक्यावर खनिजाच्या टोपल्या घेतलेली बायामाणसे भेटली. ते अगरिया होते, पिढ्यानपिढ्या मातीच्या छोट्या भट्टीत लोखंड गाळणारे. खनिज कुठून आणता, असे विचारल्यावर त्यांनी लांबच्या डोंगराकडे बोट दाखवले. तो राजहराचा डोंगर. त्यावर चालताना पायाखाली धातू वाजावा तसा आवाज येई, असे त्या वेळचे वर्णन आहे. म्हणजे ज्याचा शोध लावायला अमेरिकेहून माणूस आला, तो डोंगर अगरियांच्या रोजच्या पायवाटेवर होता. आपल्याकडच्या बहुतेक शोधांची हीच गत. पण कारखान्याला खनिजाबरोबर कोळसा आणि पाणीही लागते, आणि त्यांचा मेळ राजहराला बसेना. दरम्यान भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांचे मयूरभंजच्या लोखंडाविषयीचे पत्र आले आणि पुढचा सारा इतिहास साकचीकडे, म्हणजे आजच्या जमशेदपूरकडे, वळला. १९०७ साली टाटांची कंपनी नोंदली गेली, १९१२ साली पोलाद ओतले गेले, आणि राजहराचा डोंगर पुढची चाळीसेक वर्षे जसाच्या तसा पडून राहिला.

फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत रशियाचा करार झाला. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना, अडीच टक्के व्याजाने कर्ज, बारा वर्षांत फेड. रुरकेलाला जर्मन आणि दुर्गापूरला इंग्रज आले, तसे दुर्ग जिल्ह्यातल्या भिलाईला रशियन. कारखाना आपल्या राज्यात यावा म्हणून मुख्यमंत्री रविशंकर शुक्लांनी मोठा जोर लावला होता. हे मुख्यमंत्री बसत नागपुरात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग भोपाळच्या हाताखाली आले, तोवर भिलाई हे नागपूरच्याच कारभारातले गाव होते. मुंबई-हावडा लोहमार्ग दारातून जातो, राजहराचे खनिज दक्षिणेला नव्वदेक किलोमीटरवर, चुनखडी नंदिनीला, पाणी तांदुळा कालव्याचे. कोळसा तेवढा लांबून आणायचा.

आणि माणसे? ती आसपासच्या धानाच्या शेतात उभी होती.

छत्तीसगडचा शेतकरी मराठी वाचकाला, त्यातही वऱ्हाड-नागपूरच्या आणि झाडीपट्टीच्या वाचकाला, फारसा परका वाटू नये. भोसल्यांच्या राज्यात हा मुलूख होता हे एक. दुसरे म्हणजे सणवार. आपल्या पोळ्याच्या दिवशीच तिकडे पोरा असतो. नागपूरच्या तान्ह्या पोळ्यात पोरांकडे लाकडी नंदी असतात, तिकडे मातीचे. त्याआधी महिनाभर, आपल्या दिव्याच्या अवसेला, हरेली येते. त्या दिवशी नांगर, कुदळ, विळा धुऊन पुजायचा आणि जमिनीला लोखंड लावायचे नाही.

या प्रदेशातल्या मुलाचे आयुष्य ढोरांमागे सुरू होई. राऊत जातीचा असेल तर गावाची गुरे राखणे हा घरचाच धंदा. नसेल तरी आठ-दहा वर्षांच्या पोराच्या हाती काठी येईच. मिसरूड फुटेस्तोवर तो नांगरामागे. घरची जमीन पुरेशी नसेल तर कुणाकडे तरी सालाने राहायचे. सालाचा करार अक्ती म्हणजे अक्षय तृतीयेला ठरे आणि मोबदला बहुतेक धानातच मिळे. पीक एकच, पावसावरचे. आषाढात बी फेकून पेरायचे. रोप वीतभर झाले आणि बांध्यांत पाणी तुंबले की उभ्या पिकात हलका नांगर घालायचा. याला बियासी म्हणतात. उभे पीक नांगरलेले पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा आडदांडपणा वाटतो, पण त्याने दाट रोपे विरळ होतात, तण चिखलात दबते आणि उरलेले धान जोमाने फुटते. बैलाचा पाय आणि फाळाची टोके कुठून न्यायची, हे शिकायला काही पावसाळे जावे लागत. गुडघाभर चिखल, वरून धार, पोटात सकाळची बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, मीठ आणि कांदा. कापणी-मळणी उरकली की हाताला काम नाही. मग कुणी रेल्वेच्या मातीकामाला, कुणी आसामच्या चहामळ्यांत, कुणी टाटानगरला. छत्तीसगडी माणूस पोलादाच्या भट्टीपाशी भिलाईच्या आधीच पोचला होता, फक्त परमुलखात.

तरीही भट्टी दाराशी आली तेव्हा तो बिचकला. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९०च्या दशकापासून भिलाईच्या कामगारांत आणि कारखान्याच्या वेशीवरच्या गावांत दीर्घ काळ अभ्यास केला. जुन्या लोकांनी त्यांना सांगितलेल्या आठवणींत एक अफवा पुन्हा पुन्हा येते: एवढी मोठी यंत्रे नरबळी घेतल्याशिवाय चालू होत नाहीत. आपल्याकडे पुलाच्या आणि धरणाच्या पायाबद्दल हेच बोलले जाई, तेव्हा हसण्याचे कारण नाही. मला तर ही अफवा अडाणीपणाची वाटतच नाही. ज्यांची जमीन मोजून घेतली जात होती आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत बांधकामावर माणसे मरत होती, त्यांनी हिशेब आपल्या भाषेत मांडला होता.

कायम नोकऱ्यांत सुरुवातीला बाहेरचे पुष्कळ आले. पंजाबी, बंगाली, मलयाळी, तेलुगू, बिहारी. नागपूरकडची मराठी कुटुंबेही. कारागीर त्यांच्यात होते, कारखान्याची सवयही त्यांनाच होती. स्थानिक माणूस मातीकामावर गेला. पाया खणायला कुदळ-फावड्याचे मजूर हवे होते आणि टोपली वाहायला बाया. त्यांना तिकडे रेजा म्हणतात. मजुरांसाठी कॅम्प एक आणि कॅम्प दोन वसले. आज त्या भरगच्च वस्त्या आहेत आणि नाव मात्र कॅम्पच राहिले आहे. ठेकेदाराकडून रोकड मजुरी मिळू लागली. धान मोजून घेण्याची सवय असलेल्या घरात नोट आली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. तोवर काही जण फाटकाच्या आत, कायम पटावर, खलाशी म्हणून लागलेही होते.

अशा एका माणसाचा प्रवास कल्पून पाहता येतो. तो कुणी एक नाही. त्या पिढीतल्या पुष्कळांची वाट थोड्याफार फरकाने हीच होती. काल त्याच्या हाती बैलाचा कासरा होता, आज छातीवर नंबर आहे. रशियन कारागीर थोडे, दुभाषे त्याहून थोडे, तेव्हा बरेचसे शिक्षण खुणांनी आणि ओरडण्याने होई. तीन पाळ्या: सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. रात्रपाळी हा सगळ्यात मोठा धक्का असणार. बैल दुपारी सोडता येतात, नांगर पावसात उभा करता येतो. झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझवायची नसते. ठरावीक तासांनी तिचे तोंड ड्रिलने उघडायचे, लोखंडाचा रस वाळूच्या चरांतून वाहू द्यायचा, मळी वेगळी काढायची आणि मग यंत्राने मातीचा गोळा ठासून तोंड पुन्हा बंद करायचे. रस साधारण चौदाशे-पंधराशे अंशांचा. चरात ओल राहिली तर स्फोट.

त्याहून अवघड जागा कोक ओव्हनची. दगडी कोळसा थेट झोतभट्टीत घालून चालत नाही. आधी हवाबंद कप्प्यांत हजार-अकराशे अंशांवर भाजून त्याचा कोक करावा लागतो. उंच, अरुंद कप्पे ओळीने उभे. या ओळीला बॅटरी म्हणतात. बॅटरीच्या माथ्यावर झाकणे, त्यांतून कोळसा ओतायचा. माथा इतका तापतो की बुटांचे रबर टिकत नाही. लाकडी तळाची पायताणे घालावी लागतात. झाकण उघडले की पिवळा धूर आणि ज्वाळा अंगावर येतात. पंधरा-वीस तासांनी कोक तयार झाला की एका बाजूने दांडा घुसतो, दुसऱ्या बाजूने लालभडक भिंत सरकत बाहेर येते, खालच्या डब्यात कोसळते आणि डबा पाण्याच्या मनोऱ्याखाली धावतो. वाफेचा ढग गावातून दिसतो. या कामाला बाहेरचे लोक नाखूष असत. छत्तीसगडी मजूर इथे दाटीने भरला गेला, यात नवल काय?

इथे एक ठरीव विधान करायचा मोह होतो: निसर्गाच्या लयीत जगणारा शेतकरी घड्याळाच्या गुलामीत अडकला. कारखानदारीच्या इतिहासात हे वाक्य युरोपातून आले आणि सगळीकडे चिकटवले गेले. पॅरींचे निरीक्षण याला छेद देते. भिलाईच्या ज्या गावकऱ्यांनी दोन्ही कामे केली, त्यांना शेतीच जास्त जाचक वाटे. मालकाच्या शेतात उजाडल्यापासून मावळेपर्यंत वाकून राहायचे आणि वर बोलणी खायची. कारखान्यात काम जीवघेणे असले तरी तुटक असे. कोक ओव्हनच्या माथ्यावर सलग उभे राहणे शक्यच नसते. मग टोळीतले लोक आपसांत पाळ्या लावून घेत, काही जण ज्वाळेपाशी, काही जण सावलीत. साहेब लोक याला कामचुकारपणा म्हणत. काही ठिकाणी तो होताही. पण आठ तासांनी फाटकाबाहेर पडल्यावर उरलेला दिवस आपला असणे, ही गोष्ट सालगड्याच्या आयुष्यात कधी नव्हती.

दुसरी गोष्ट जातीची. गावात अस्पृश्य मानले गेलेले सतनामी वेगळ्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहत. त्यांच्या हातचे पाणी कुर्मी, तेली, राऊत घेत नसत, न्हावी त्यांची हजामत करत नसे. टोळीत हे चालेना. ज्वाळेपाशी तुम्हाला मागे ओढणारा हात कुणाचा, हे पाहायला वेळ नसतो. चहाची किटली एक, डबे उघडायची जागा एक. पाळी संपवून सायकलवरून गावात शिरला की मात्र तोच माणूस आपल्या पाऱ्यात वळे. कारखान्याने जात मोडली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तिला दिवसातले आठ तास रजा मिळाली, आणि तीही आधी कधी मिळाली नव्हती.

बैल सुटला तरी शेत सुटले नव्हते. वेशीवरच्या गावांतले कामगार टाउनशिपच्या क्वार्टरपेक्षा घरीच राहणे पसंत करत. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी बांधावर दिसे. पेरणी-कापणीच्या दिवसांत गैरहजेरी वाढे, अधिकारी करवादत. पगारातून बांध दुरुस्त झाले, पंप आले, विटांचे घर उठले. बियासीला स्वतः उतरण्याऐवजी मजूर लावणे परवडू लागले. पुढे ट्रॅक्टर आले आणि गोठे रिकामे होत गेले. हरेलीला नांगर पुजणारे हात १७ सप्टेंबरला विश्वकर्मापूजेत यंत्रांना हार घालू लागले, आणि दोन्ही पूजा एकाच वर्षात, एकाच घरातून होत राहिल्या.

कारखान्याचा एक पाय मात्र या सुबत्तेच्या बाहेर होता. दल्ली-राजहराच्या खाणी भिलाईच्याच, पण तिथले हातखाणीचे मजूर ठेकेदाराचे. आसपासच्या गोंड, हलबा आणि इतर शेतकरी कुटुंबांतली नवराबायकोची जोडी डोंगर फोडायची. तो सब्बल, म्हणजे पहार, चालवी, ती टोपली वाही. भिलाईच्या कायम कामगाराची पोरे कंपनीच्या शाळेत जात असताना हे लोक कुडाच्या झोपड्यांत राहत. १९७७ साली त्यांनी जुन्या युनियनांना रामराम ठोकला आणि शंकर गुहा नियोगी यांना बोलावले. नियोगी हे एके काळी भिलाईच्या कोक ओव्हनवरच कामाला होते. चळवळीपायी नोकरी गेली, मग खाणमजुरांत आणि खेड्यांत मिसळून राहिलेले. त्यांच्या छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाच्या पहिल्या मागण्या पाहा. काम बंद असलेल्या दिवसांची मजुरी, आणि पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला शंभर रुपये. पोलाद उद्योगाच्या वाटाघाटीत बांबू आणि छपराचे पैसे मागणारी ही बहुधा पहिलीच यादी असेल. मजूर अजून कुणब्याच्याच पंचांगाने जगत होता. मृगाच्या आत घर शाकारले पाहिजे हे त्याला कुणी शिकवावे लागत नव्हते. २ आणि ३ जून १९७७ रोजी पोलिसांनी गोळीबार केला. अकरा माणसे मेली. पाऊस तोंडावर होता.

त्यानंतर या संघटनेने जे उभे केले त्याला आपल्या कामगार चळवळीत तोड थोडी. झेंडा लाल-हिरवा: लाल कामगाराचा, हिरवा शेतकऱ्याचा. दारूबंदीची मोहीम झाली. ३ जून १९८३ रोजी मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय सुरू झाले, ते आजही चालू आहे. खाणीत पूर्ण यांत्रिकीकरण आले तर हजारो हात रिकामे होतील, म्हणून संघटनेने अर्धयांत्रिक खाणकामाचा पर्यायी आराखडा मांडला. नुसते ‘यंत्र नको’ म्हणणे सोपे होते. ते त्यांनी केले नाही. पुढे नियोगींनी भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या ठेका मजुरांना हात घातला, आणि २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे भिलाईत झोपेतच त्यांना गोळी घालण्यात आली. पुढच्या वर्षी १ जुलैला रेल्वेमार्गावर बसलेल्या आंदोलकांवर पुन्हा गोळीबार झाला.

कारखाना वाढत गेला. दहा लाख टनांचे पंचवीस लाख झाले, मग चाळीस लाख. देशातल्या रेल्वेचे रूळ वर्षानुवर्षे इथूनच गेले. मुंबईची लोकल ज्यावरून धावते त्यांत भिलाईचे लोखंड आहे. टन वाढले तशी कायम माणसे वाढली नाहीत. १९८०च्या दशकानंतर भरती आटली, निवृत्तांच्या जागा रिकाम्या ठेवल्या गेल्या आणि ती कामे ठेकेदारांकडे गेली. आज फाटकातून दोन प्रकारचे कामगार आत जातात. एकाच भट्टीपाशी उभे राहतात, एकच धूर खातात. एकाला घर, दवाखाना, निवृत्तीचा पैसा. दुसऱ्याला ठेकेदाराची मजुरी आणि उद्या बोलावतील याची आशा. कायम कामगाराचा मुलगा बी.ए. झालेला असतो, चिखलात उतरायला त्याला लाज वाटते आणि ठेक्यावर जायला कमीपणा. घरची जमीन वाटण्या होऊन कमी झालेली असते, नाहीतर प्लॉट पाडून विकलेली. शेतकऱ्याचा कामगार झाला की झाले, पुढे तो मार्ग सरळ आहे, असे १९५५ साली योजनाकारांनी धरले होते. पण ही वाट एका पिढीपुरतीच रुंद होती. बापाला जी उडी जमली ती मुलाला शिकूनही जमत नाही, आणि याचा दोष मुलावर टाकणे अन्यायाचे आहे.

दल्ली-राजहराचे चांगले खनिज संपत आले आहे. भिलाईची पुढची मदार दक्षिणेकडच्या रावघाटच्या डोंगरावर आहे. त्यासाठी दल्ली-राजहरापासून रावघाटपर्यंत ९५ किलोमीटरचा लोहमार्ग टाकायला घेतला गेला. २०२२ साली त्यावरून अंतागडपर्यंत प्रवासी गाडी सुरू झाली. या मार्गावर आणि खाणीखाली ज्यांची शेते आणि जंगल जाते, ते लोक आज कायम नोकरी मागत आहेत. भिलाईच्या पहिल्या पिढीला जिची भीती वाटली होती, तीच ही नोकरी.